ढिगाखालची ओल आणि पाकिटावरची दोन अक्षरे

रमजानच्या महिन्यात दुपारी चारनंतर बाजारपेठेत दोन वस्तूंची उलाढाल एकदम वाढते. एक खजूर आणि दुसरे तळणाचे तेल. रोजा खजुरावर सुटतो आणि त्यानंतरच्या दस्तरख्वानावर भजी, समोसे, पकोडे असे काहीतरी तळलेले असतेच. खजूर कुठला, हे गिऱ्हाईक हमखास विचारते. अजवा की कलमी, मदिनेचा की इराणचा, यावर दुकानात चर्चा होते, एखादा चाखूनही पाहिला जातो. तेलाच्या पाकिटाबद्दल मात्र भावाशिवाय कोणी काही विचारत नाही.

ही गोष्ट फक्त रोजेदारांची नाही. तेच तेल दिवाळीच्या चकलीला, नाताळच्या कुलकुलांना आणि बारा महिने टपरीवरच्या वड्याला लागते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो. त्यात सोयाबीनचे तेल मोठ्या प्रमाणात अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते आणि तिथले बहुतेक सगळे सोयाबीन जनुकीय बदल केलेले, म्हणजे जीएम आहे. देशातही सरकीचे तेल निघते. कापसाखालच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी कापूस आहे, म्हणजे ती सरकीही त्याच वाणांची. तेल काढून उरलेली पेंड दुभत्या जनावरांपुढे पडते.

जीएम अन्न खावे की नाही, यावर या देशात वीस वर्षे सभा, मोर्चे, सुनावण्या आणि कोर्टकज्जे चालू आहेत. त्या वादाचा निकाल लागण्याआधीच जीएम पिकाचे तेल कढईत पोहोचले. ते चांगले की वाईट, हा पुढचा प्रश्न. ते आले हे खाणाऱ्याला कोणी सांगितले नाही, हा पहिला प्रश्न आहे. जीएम पिकांना होणाऱ्या लोकविरोधाकडे या बाजूने पाहिले, तर त्यातला खरा भाग आणि फोलपटे वेगळी करता येतात.

खजुराच्या बागेतला धडा

या विरोधाबद्दल एक समज असा आहे की, निसर्गात ढवळाढवळ नको म्हणणारी धार्मिक किंवा अडाणी माणसेच तो करतात. हा समज तपासून घ्यायला हवा. मदिना हे खजुराच्या बागांचे गाव. खजुराची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नुसत्या वाऱ्यावर विसंबले तर फळ कमी धरते, म्हणून बागायतदार नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्याला हाताने लावतात. हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी हे काम चाललेले पाहिले आणि याची काही गरज दिसत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. लोकांनी ते करणे सोडले आणि त्या हंगामात फळ बिघडले. ही गोष्ट कानावर गेली तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, आपल्या दुनियेतले व्यवहार तुम्हांला अधिक चांगले कळतात.

या प्रसंगाचा अर्थ सरळ आहे. झाडाच्या वंशवाढीत माणसाने हात घालणे हे मुळात पाप नाही, आणि शेतीत काय चालते ते अनुभवाने ठरते. नागपूरचे संत्रे आणि रत्नागिरीचा हापूस कलमांवर वाढले. संकरित ज्वारीने दुष्काळानंतरच्या महाराष्ट्राला तारले. संकरित कापसाचे व्यापारी लागवडीचे पहिले वाण, एच-४, १९७०मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून आले. तेव्हा कोणी मोर्चा काढला नाही.

बीटी पिकात फरक असा की, जनुक शेजारच्या झाडाचे नसते. ते मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे असते. त्यामुळे झाडाच्या पेशींत एक प्रथिन तयार होते. अळीने पान किंवा बोंड कुरतडले की ते तिच्या आतड्यात विषारी ठरते. माणसाच्या जठरात आम्लता असते, आणि ते प्रथिन ज्या कुलपात किल्लीसारखे बसते ते कुलूपच माणसाच्या आतड्यात नसते, असे शास्त्रज्ञ सांगतात. हे समजणे फार अवघड नाही. शेतकऱ्याला कळते, गृहिणीला कळते. मात्र कोणीतरी समोर बसून सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याने उलट प्रश्न विचारला तर उत्तरही द्यावे लागते. नेमके तेच इथे झाले नाही.

वांग्याची सुनावणी

जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगे तयार केले. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे हे वाण होते. या अळीसाठी वांग्यावर किती वेळा फवारणी होते, हे भाजीपाला पिकवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारावे. तोडणीच्या आदल्या दिवशीही फवारा मारला जातो. म्हणजे या वाणाची गरज खोटी नव्हती. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. देशातले ते पहिले जीएम खाद्यपीक ठरणार होते.

तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी निर्णय घेण्याआधी जानेवारी आणि फेब्रुवारी २०१०मध्ये सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपुरात झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक संघटना, कंपनीचे लोक, सगळे एका छताखाली आले. आरडाओरड झाली, घोषणा झाल्या, पण बोलायला मिळाले. वांगे हे याच भूमीतले पीक आहे. खान्देशात भरताचे वांगे वेगळे आणि कृष्णाकाठचे वेगळे. एका कंपनीचे जनुक या सगळ्या वाणांत पसरले तर त्यांचे काय होईल, हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नव्हता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. नंतर त्या समितीचे नावही बदलले. ‘मान्यता’ समितीची ती ‘मूल्यमापन’ समिती झाली. नावातल्या एका शब्दाने बरेच सांगून टाकले. मान्यता द्यायचीच असे ठरवून बसलेल्या समितीवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

सुनावणीआधीचा इतिहास अधिक बोलका आहे. बीटी वांग्याच्या सुरक्षा चाचण्यांची कागदपत्रे लोकांना सहज मिळाली नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावे लागले, प्रकरण माहिती आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, मग ती खुली झाली. पुढे जीएम मोहरीच्या बाबतीतही तसेच घडले. २०१६मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला सांगावे लागले की, चाचण्यांची माहिती लोकांसमोर ठेवा. मोहरीचे हे वाण दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सार्वजनिक पैशातून तयार केलेले. त्यात लपवण्यासारखे काही नसेल तर ते लपवले कशासाठी? ज्या कागदासाठी कोर्टात जावे लागते, तो कागद कितीही निर्दोष असला तरी वाचणारा तो संशयानेच वाचतो.

बांगलादेशाने दुसरा रस्ता घेतला. तिथे ऑक्टोबर २०१३मध्ये बीटी वांग्याला परवानगी मिळाली आणि पुढच्याच हंगामात वीस शेतकऱ्यांनी ते लावले. नंतर ते हजारो शेतकऱ्यांपर्यंत गेले. तिथली वाणे सरकारी कृषी संशोधन संस्थेची आणि सरळ जातीची असल्याने शेतकरी बी राखून ठेवू शकतो. इकडे स्थगितीला नऊ वर्षे झाल्यावर, २०१९मध्ये, हरियाणाच्या फतेहाबाद जिल्ह्यात बेकायदा बीटी वांगे शेतात उभे असलेले सापडले. दार बंद केले, पण खिडकीवर पहारा नव्हता.

फेकून दिलेले छोटे पाकीट

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या माणसासाठी जीएम हा चर्चेचा विषय नाही, तो घरातला जमाखर्च आहे. मार्च २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याआधीच, २००१मध्ये, गुजरातेत ‘नवभारत १५१’ नावाचे बियाणे परवानगीशिवाय विकले गेल्याचे उघड झाले होते. म्हणजे या तंत्रज्ञानाचे भारतातले पहिले पाऊलच चोरपावलांनी पडले. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. हिरव्या बोंडअळीचा जोर ओसरला, तिच्यासाठीच्या फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले. हे नाकारणारा विरोधक शेतकऱ्याला आपला वाटत नाही, कारण त्याने ते स्वतःच्या वावरात पाहिलेले आहे.

पण बियाणे महाग होते. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांवर मोजावे लागत. २००६मध्ये आंध्र प्रदेश सरकारने हे प्रकरण मक्तेदारीविरोधी आयोगापुढे नेले, तेव्हा भाव निम्म्यावर आले. वाण संकरित असल्याने बी दरवर्षी नवे घ्यावे लागे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सरळ जातीचे, घरचे बी राखता येईल असे ‘बिकानेरी नरमा बीटी’ आणले. ते शेतकऱ्यांच्या हाती पडते न पडते तोच त्यात खासगी कंपनीचे जनुक मिसळलेले आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. चौकशी समिती नेमली गेली. सरकारी संस्थेकडून असलेली आशाही तिथे मावळली.

सर्वांत मोठे नुकसान मात्र एका छोट्या पाकिटाने केले. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे, बिगरबीटी बी मिळत असे. ते शेताच्या कडेने लावायचे होते. त्यामागचा हिशेब साधा आहे. साध्या कपाशीवर काही अळ्या जगतात. बीटीला न जुमानणारी एखादी अळी तयार झालीच, तर तिचा पतंग या साध्या पतंगांशी जुगतो आणि पुढच्या पिढीत ती ताकद पातळ होते. हे पाकीट म्हणजे तंत्रज्ञानाचे आयुष्य वाढवणारे औषध होते. पण हे शेतकऱ्याला नीट सांगितले कोणी? पाकिटातल्या इंग्रजी घडीपत्रकाने की कृषी केंद्रातल्या घाईतल्या दुकानदाराने? पाच-दहा एकरवाल्याला ते फुकटचे कमअस्सल बी वाटले. अनेकांनी ते बांधावर टाकून दिले.

त्यात भर म्हणून लांब मुदतीची वाणे आली आणि पाणी असेल तिथे फरदड घेण्याची सवय लागली. गुलाबी बोंडअळीला जवळपास वर्षभर खाणे मिळाले. २०१०मध्ये गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत ती पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे कंपनीनेच मान्य केले. २०१७च्या हंगामात तिने विदर्भात बोंडेच्या बोंडे पोखरली. बीटीने जी फवारणी थांबवायची ती पुन्हा सुरू झाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पिकाची माणसाच्या डोक्यावर गेलेली उंची, औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षक कपडे नसणे, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. जनुकाने त्यांचा जीव घेतला, असे म्हणणे खोटे ठरेल. पण फवारणी कमी होईल या भरवशावर घेतलेल्या बियाण्याने पंधरा वर्षांत माणसाला पुन्हा पाठीवर पंप बांधायला लावले, हे खरे आहे. आणि त्या भरवशाची मुदत किती, ती कशाने वाढते, हे त्याला समजेल अशा भाषेत आधी सांगितले गेले नव्हते.

चोर बीटी मागणारा शेतकरी

विरोधाच्या कहाणीत एक पात्र नेहमी अडचणीचे ठरते. तो म्हणजे जीएम हवे म्हणणारा शेतकरी. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक शेतकरी जमले आणि त्यांनी उघडपणे परवानगी नसलेल्या कपाशीची लागवड केली. त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. तरी ते आले.

हे बियाणे तणनाशकाला दाद देत नाही. तणनाशक फवारले की तण जळते, कपाशी उभी राहते. निंदणीला ऐन पावसाळ्यात मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, हे त्या शेतकऱ्याचे दुखणे खरे आहे. निंदणीच्या रोजावर ज्या बायांची चूल पेटते त्यांचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. ज्या ग्लायफोसेट तणनाशकावर हे सारे उभे आहे, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले. अमेरिका आणि युरोपच्या नियामक संस्थांना मात्र तसे वाटत नाही. भारत सरकारने २०२२मध्ये त्याचा वापर फक्त परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. खेड्यात असा परवानाधारक कुठे शोधायचा, हे कागदावर नाही.

गावात या बियाण्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. ते बिलाशिवाय विकले जाते. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? भेसळ निघाली तर भरपाई कोण देणार? बंदी घालून सरकार मोकळे झाले, विरोधक विजयी झाले, आणि शेतकरी अंधारात पाकीट विकत घेत राहिला. शहरातल्या विरोधकाने हे समजून घेतले पाहिजे. ‘नको’ एवढेच म्हणून भागत नाही. निंदणीच्या अडचणीवर दुसरे उत्तर काय, तेही सांगावे लागते. नाही तर तो विरोध, तळलेले सगळे खाऊन शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्याचा विरोध ठरतो.

विरोधकांचाही हिशेब

पारदर्शकता मागणाऱ्याने स्वतःही खरे बोलले पाहिजे. जीएम मका खाऊन उंदरांना गाठी झाल्या, असे सांगणारा फ्रान्समधल्या संशोधकांचा लेख २०१२मध्ये गाजला. त्यातली भयंकर छायाचित्रे आजही मोबाइलवर फिरतात. पण उंदरांची संख्या अपुरी होती आणि वापरलेल्या जातीच्या उंदरांना एरवीही गाठी होतात, असे आक्षेप आले. नियतकालिकाने २०१३मध्ये तो लेख मागे घेतला. तो पुढे दुसरीकडे छापला गेला, तरी मूळ शंका मिटल्या नाहीत. हे सांगितल्याशिवाय ती छायाचित्रे पुढे पाठवणे ही फसवणूकच आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६मध्ये शेकडो अभ्यास पाहून निष्कर्ष काढला की, बाजारातल्या जीएम अन्नामुळे साध्या अन्नापेक्षा आरोग्याला अधिक धोका असल्याचा ठोस पुरावा सापडत नाही. त्याच अहवालात असेही आहे की, प्रत्येक नवे वाण त्याच्या गुणदोषांवर तपासावे आणि कीड व तण यांच्यातली वाढती प्रतिकारशक्ती ही शेतीची मोठी समस्या आहे. विरोधक पहिले वाक्य गाळतात, समर्थक दुसरे.

तसेच, विदर्भातल्या आत्महत्या बीटीमुळेच झाल्या, हे विधान सभेत टाळ्या घेते, पण बीटी येण्याआधीही तिथे आत्महत्या होत होत्या. कोरडवाहू जमीन, सावकारी कर्ज, पडलेला भाव आणि मोडलेली बाजारव्यवस्था यांच्यावरचे ओझे एकट्या जनुकावर टाकले, की खरे गुन्हेगार सुटतात.

मुस्लिम मोहल्ल्यांतही एक अफवा अधूनमधून फिरते की, जीएम पिकांत डुकराचे जनुक असते. आपल्याकडे परवानगी मिळालेल्या कापसातले बीटी जनुक मातीतल्या जिवाणूचे आहे. मोहरीतली जनुकेही जिवाणूंचीच. अफवेला उत्तर माहितीने द्यावे लागते. आणि ती माहिती पाकिटावर असती, तर अफवेला जागाच उरली नसती.

हिरवा ठिपका चालतो, मग हे का नाही?

मुद्दा पुन्हा पाकिटाकडे येतो. ग्राहकाला जीएम कळले पाहिजे, असा नियम भारतात नाही असे नाही. १ जानेवारी २०१३पासून वेष्टित वस्तूंच्या नियमांत तशी तरतूद आहे. जीएम घटक असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर, वरच्या बाजूला, ‘जीएम’ ही दोन अक्षरे छापायची आहेत. किराणा दुकानात जाऊन तेलाची, बिस्किटांची, सोया वड्यांची पाकिटे उलटसुलट करून पाहावीत. ती अक्षरे सहसा सापडत नाहीत. नोव्हेंबर २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एक मसुदा आणला. त्यात एक टक्का किंवा अधिक जीएम घटक असेल तर तसे छापावे, असे होते. सूचना मागवल्या गेल्या, चर्चा झाली. दुकानातले पाकीट आहे तसेच राहिले. ऑगस्ट २०२१मध्ये कोंबडीखाद्य महागले म्हणून सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली. त्या कोंबड्या सर्वधर्मीयांच्या ताटात गेल्या.

कंपन्यांचा एक आक्षेप असा की, शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन किंवा जनुकीय अंश जवळपास उरत नाही, मग छापायचे काय? विज्ञान म्हणून हे बरोबर आहे. पण ग्राहकाचा प्रश्न फक्त तेलात काय उरले, एवढाच नसतो. हे कुठल्या शेतातून आले, कोणत्या पद्धतीने पिकले, कोणाला त्याचा फायदा झाला, हेही त्याला विचारायचे असते. युरोपीय संघ तेलावरही तशी नोंद करायला लावतो. अमेरिकेनेही २०२२पासून जैवतंत्राने बनवलेल्या अन्नावर खूण सक्तीची केली आहे, जरी त्यात पळवाटा पुष्कळ आहेत.

दुसरा आक्षेप असा की, अक्षरे पाहून लोक घाबरतील. या देशात पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराची तपकिरी खूण दोन दशकांहून अधिक काळ आहे. तपकिरी खूण पाहून कोणी त्या वस्तूला विष म्हणत नाही. जैन कुटुंब आपली निवड करते, कोळीवाड्यातले कुटुंब आपली. एकादशीचा उपवास करणारा एक पाहतो, रोजेदार दुसरे. कोणाच्या निवडीचे कारण श्रद्धा असते, कोणाचे प्रकृती, कोणाचे केवळ चव. सरकारने कोणाला कारण विचारले नाही, फक्त निवडीसाठी लागणारी माहिती दिली. संमिश्र वस्तीत शेजारधर्म टिकवायला हा लहानसा ठिपका किती कामाला येतो, हे एकमेकांच्या घरी फराळाचा डबा किंवा शिरखुर्म्याचे भांडे पाठवणाऱ्यांना ठाऊक आहे. जीएमची दोन अक्षरे त्याच रांगेत बसतात.

पैगंबरांच्या चरित्रातला आणखी एक प्रसंग व्यापाऱ्यांना नेहमी सांगितला जातो. बाजारात धान्याची रास लागलेली होती. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. दुकानदार म्हणाला की पावसाने भिजले. त्यांनी विचारले की, मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आपल्यातला नाही, हेही बजावले. धान्य ओले झाले, हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. पाऊस कोणाच्या हातात असतो? ते फेकून दे, असेही त्याला सांगितले गेले नाही. ओल झाकली, एवढाच दोष. ओले धान्य वर ठेवून तो विकता तर घेणाऱ्याने भाव ठरवला असता, घेतले असते किंवा पुढे गेला असता. या प्रसंगासाठी मुसलमान असण्याची अट नाही. आठवडी बाजारात चांगले टोमॅटो वर आणि दबके खाली ठेवणारा विक्रेता सगळ्यांनाच माहीत आहे.

मागायचे काय

२३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जीएम मोहरीवर वेगवेगळे निकाल दिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी परवानगी रद्द ठरवली, न्या. संजय करोल यांनी ती कायम ठेवली. पण दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले. केंद्राने सगळ्यांशी बोलून जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण आखावे. मे २०२५मध्ये जनुक संपादित केलेली दोन भातवाणे देशात जाहीर झाली. त्यांत बाहेरचे जनुक नाही, म्हणून २०२२पासूनच्या सवलतीप्रमाणे त्यांना जीएमचे कडक नियम लागू नाहीत. हे तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखे असेलही. पण कापसाच्या वेळी जे झाले नाही ते भाताच्या वेळी तरी आधी व्हावे. भात हे रोजच्या ताटातले अन्न आहे. त्याबद्दल सांगायला कोर्टाची वाट पाहू नये.

लोकांनी मागाव्यात अशा गोष्टी मोजक्या आणि साध्या आहेत. पाकिटावरची ती दोन अक्षरे, नियमात आहेत तशी आणि मराठीतही. कुठल्याही वाणाच्या चाचण्यांचे कागद परवानगीआधी खुले, आणि तपासणारी प्रयोगशाळा कंपनीच्या पैशावर न चालणारी. बियाण्यासोबत शेतकऱ्याच्या भाषेत सूचना आणि त्या समजावणारा कृषी सहायक बांधावर. वाण फसले तर भरपाई कोणी द्यायची, ते आधीच लिहिलेले. सरकारी संस्थांना सरळ वाणे तयार करायला पुरेसा पैसा. आणि ज्या शेतकऱ्याला नवे बियाणे हवे आहे, त्याला चोर न ठरवता त्याचे म्हणणे ऐकणारी सुनावणी, नागपुरात झाली होती तशी, पण दर वेळी.

यातली एकही मागणी विज्ञानाच्या विरोधात नाही. यांतून जीएम पीक चांगले ठरले तर ते लोकांच्या संमतीने येईल आणि टिकेल. वाईट ठरले तर वेळेवर थांबेल. ग्राहकाच्या हातात तोवर एक काम आहे. पुढच्या खेपेला तेलाचे पाकीट घेताना भावाच्या जोडीने एवढेच विचारावे की, हे कशाचे आणि कुठले. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. तो घाऊक व्यापाऱ्याला विचारेल, व्यापारी कंपनीला. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर प्रश्न दुकानातच राहील. दहा हजारांनी विचारले तर तो पाकिटावर छापला जाईल.